गाठीवरची खूण, दुकानावरची पाटी आणि संकेतस्थळ

जिल्ह्याचा इतिहास लिहिताना आपण सहसा ज्या साधनांकडे वळतो, त्यांत लहान दुकानदार सापडत नाही. यवतमाळचेच उदाहरण घ्या. जुने गॅझेटियर उघडले की जमीन, पाऊस, कापूस, सारा, जंगल, देवस्थाने यांची तपशीलवार माहिती मिळते. दारव्ह्याचा कापडवाला, वणीचा भांडेवाला, पुसदचा किराणा दुकानदार किंवा आर्णीचा कृषी केंद्रवाला यांनी आपले नाव गिऱ्हाइकापुढे कसे मांडले, हे मात्र तेथे नसते. ते दुसरीकडे शोधावे लागते : पाटीवर, बिलबुकाच्या माथ्यावर, दिवाळीत वाटलेल्या कॅलेंडरावर आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांत संकेतस्थळावर.

या सगळ्या वस्तू घडविणारा माणूस दुकानदाराचा नोकर नसतो, भागीदारही नसतो. तो येतो, नाव विचारतो, अक्षरे घडवतो, पैसे घेतो आणि पुढच्या दुकानाकडे जातो. कधी तो पेंटर होता, कधी छापखान्यातला जुळारी, कधी डीटीपीवाला. आज त्याला वेब डिझायनर म्हणतात. प्रस्तुत लेखकाचा उदरनिर्वाह याच कामावर चालतो, एवढे आधीच सांगितलेले बरे. लेखाचा हेतू या व्यवसायाची जाहिरात करणे हा नाही. नाव घडविण्याचे तंत्र बदलले की त्या नावावरचा ताबाही बदलतो का, हा प्रश्न या जिल्ह्याच्या इतिहासात शोधून पाहावा, एवढाच हेतू आहे.

आरंभ जिल्ह्याच्याच नावापासून करता येईल. इंग्रजी अमदानीत हा भाग वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई; इंग्रज अधिकारी त्याचा उच्चार 'वून' असा करीत. १९०५ साली वऱ्हाडची फेररचना झाली, पुसद तालुका या जिल्ह्याला जोडला गेला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. इंग्रजी कागदांवर ते 'येओतमाल' अशा वळणाने लिहिले जाई आणि ते वळण पुढे कित्येक वर्षे टिकले. आजच्या व्यापारी परिभाषेत ज्याला 'रीब्रँडिंग' म्हणतात, ते या जिल्ह्याचे असे सरकारी हुकुमाने झाले.

गाठीवरची खूण

व्यापारी मालावर ओळखीची खूण उमटवण्याचा या भागातला सर्वांत ठळक व्यवहार कापसाचा. वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या कारभारात आले. पुढच्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि त्यांची नजर इकडे वळली. हिंगणघाट, अमरावती, खामगाव या पेठा भरभराटल्या, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर ते यवतमाळ अशी अरुंद मापाची लोहमार्गाची शाखाही आली. 'शकुंतला' या नावाने पुढे लोकांच्या जिव्हाळ्याची झालेली गाडी ती हीच. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते.

या गाडीतून जाणाऱ्या रुईचे नाव काय होते, हे पाहण्यासारखे आहे. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडातली रुई 'ऊमरा' या नावाने विकली जाई. ऊमरा म्हणजे उमरावती, म्हणजेच अमरावती. कापूस दारव्ह्याच्या काळ्या जमिनीत पिकलेला असो की राळेगावच्या. ज्या मोठ्या पेठेशी परदेशी खरेदीदाराचा परिचय, तिचे नाव त्याला लागे. पिकवणाऱ्याच्या गावाचे नाव पहिल्याच मुक्कामावर गळून पडे. मुंबईच्या वायदेबाजारातही 'ऊमरा' हे करारातले प्रतिष्ठित नाव होते.

गाठीवर प्रत्यक्ष काय उमटे? प्रेसची खूण आणि क्रमांक. निकृष्ट कापूस मिसळणे, रुई ओली करणे या प्रकारांमुळे हिंदी कापसाची परदेशी पत घसरली होती. त्यावरचा एक उपाय म्हणून १९२५ साली कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्यानुसार प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या कारखान्यासाठी ठरलेली खूण घालणे बंधनकारक झाले. तक्रार आलीच तर गाठ कोणत्या प्रेसमधून निघाली हे कळावे, हा उद्देश. म्हणजे ही खूण जबाबदारी निश्चित करण्यासाठी होती. तिच्यात प्रेसचा मालक दिसे. शेतकरी, अडत्या आणि गाव दिसत नसे.

परतीच्या वाटेने दुसऱ्या प्रकारची खूण येई. इंग्लंडहून येणाऱ्या कापडाच्या ठाणांवर रंगीत चित्रांची तिकिटे चिकटवलेली असत. त्यांवर लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ, राजेरजवाडे, कधी रेल्वेचे इंजिनही असे. ज्या गिऱ्हाइकाला इंग्रजी अक्षर वाचता येत नाही, त्याने चित्रावरून माल ओळखावा आणि पुढच्या वेळी तोच मागावा, अशी ही योजना. अशा खुणांचा व्यापारी उपयोग इतका मोठा होता की सुती मालाच्या चिन्हांसाठी मँचेस्टर येथे स्वतंत्र नोंदणी शाखा होती. हिंदुस्थानात खोट्या व्यापारी खुणांविरुद्धचा कायदा १८८९ साली आला आणि व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा त्यानंतर अर्ध्या शतकाने, १९४० साली. फसवणुकीपासून आलेल्या मालाला संरक्षण आधी मिळाले. स्वतःचे चिन्ह नोंदवून त्यावर मालकी सांगण्याची सोय देशी व्यापाऱ्याला नंतर मिळाली.

इथे एक गोष्ट नोंदवून ठेवू. जिल्ह्यातून बाहेर जाणाऱ्या मालावर दुसऱ्या पेठेचे नाव होते आणि जिल्ह्यात येणाऱ्या मालावर दुसऱ्या देशातल्या कंपनीचे चित्र. मधला स्थानिक दुकानदार या दोन्हींचा वाहक होता, मालक नव्हता.

खिळे आणि कुंचला

स्थानिक माणसाच्या हाती स्वतःचे नाव आले ते छापखान्यामुळे आणि पेंटरमुळे. मराठी मुद्रणाची कथा मुंबईत सुरू होते. गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाप्रेसवर पंचांग छापले. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचे काम केलेल्या जावजी दादाजींनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्यांचे सहकारी राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांनी देवनागरी मुद्रणाला एक मानदंड दिला. मुंबई-पुण्याच्या ओतशाळांतले खिळे पुढे जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छापखान्यांत पोहोचले. देवनागरीची जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, रकार यांमुळे जुळाऱ्यापुढच्या खणांत इंग्रजीच्या कितीतरी पट खिळे लागत. लहान गावच्या छापखान्याला हा सगळा संच परवडत नसे. त्यामुळे एखाद्या बिलबुकावर दुकानाच्या नावातले एक अक्षर जाड आणि दुसरे बारीक दिसले, तर तो जुळाऱ्याचा आळस नसून त्याच्या खणातला दुष्काळ असे.

यवतमाळच्या छपाईच्या इतिहासात नावाच्या प्रवासाचे एक मोठे उदाहरण आहे. वणीत जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यवतमाळहून 'लोकमत' हे साप्ताहिक काढले. ते बंद पडल्यावरही नाव उरले. स्वातंत्र्यानंतर जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव घेऊन यवतमाळातच साप्ताहिक चालवले आणि १९७१ साली नागपुरात त्याचे दैनिक झाले. पत्र बंद पडते, छापखाना विकला जातो, पण लोकांच्या तोंडी बसलेले नाव दुसऱ्या हाती पुन्हा उभे राहू शकते. ज्या काळी नाव कागदावर आणि माणसांच्या स्मरणात राहत होते, त्या काळाची ही गोष्ट आहे.

दुकानदाराला मात्र छापखान्याइतकाच पेंटर महत्त्वाचा होता. पत्र्याची पाटी घासून तिला अस्तराचा हात द्यायचा, रंगाचा पहिला थर वाळू द्यायचा, खडूची पूड लावलेली दोरी ताणून रेघा उमटवायच्या, पेन्सिलीने अक्षरांचे सांगाडे काढायचे आणि मग चपट्या कुंचल्याने एनॅमल रंगात अक्षर भरायचे. त्यानंतर उजवीकडे व खाली सावली, म्हणजे अक्षर पाटीवरून उठून आल्यासारखे दिसे. ज्या चित्रपटाची अक्षरे त्या वर्षी गाजत, त्यांचे वळण गावच्या पाट्यांवर उतरे. मुंबईत कमल शेडगे यांच्यासारखा अक्षरकार नाटकांच्या जाहिरातींतून शीर्षकालाच नाटकाचा चेहरा देत होता. वर्तमानपत्र ज्या गावी पोहोचे, त्या गावचा पेंटर तो चेहरा पाहत असे आणि आपल्या पद्धतीने उचलत असे. शेडगे २०२० साली गेले. गावच्या पेंटरची नावे आणि साल मात्र कोणत्याही ग्रंथात नाहीत.

ती नावे आढळतात पाटीच्या खालच्या कोपऱ्यात. बहुतेक पेंटर तेथे बारीक अक्षरांत आपली सही करीत. एवढीच त्यांची जाहिरात. पाटीचे पैसे एकदा द्यायचे आणि पाटी दुकानदाराची व्हायची. पेंटरशी भांडण झाले, पेंटर गाव सोडून गेला, वारला, तरी पाटी जागची हलत नसे. गाठीवरची खूण प्रेसची होती, ठाणावरचे तिकीट कंपनीचे होते. ही पाटी मात्र पूर्णपणे दुकानदाराची होती. या दृष्टीने रंगवलेल्या पाटीचा काळ हा लहान दुकानदाराच्या नावाच्या स्वातंत्र्याचा काळ म्हणता येईल.

अर्थात या स्वातंत्र्यालाही वाटेकरी आलेच. बियाणे, खते, शीतपेये, सिमेंट विकणाऱ्या कंपन्या फुकट पाटी करून देऊ लागल्या. तिच्यावर तीन चतुर्थांश जागा कंपनीची आणि उरलेल्या पट्टीत दुकानाचे नाव. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाल्यानंतर तर तालुक्याच्या गावातल्या कृषी केंद्रांच्या दर्शनी भिंती बियाण्यांच्या पाकिटांच्या चित्रांनी भरून गेल्या. मँचेस्टरच्या तिकिटाची ही नवी आवृत्ती होती. त्याच सुमारास फ्लेक्स आला आणि पेंटरचा धंदा हा हा म्हणता बसला.

कायद्याची पाटी

पाटीवरचे अक्षर कोणते असावे, यात शासनानेही वेळोवेळी लक्ष घातले आहे. दुकाने व आस्थापनांच्या जुन्या नियमांत मराठी फलकाची तरतूद होती. २०१७ साली नवा कायदा आला तो मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी, त्यामुळे लहान दुकाने यातून निसटली. ही फट २०२२ च्या दुरुस्तीने बुजवण्यात आली. कामगार कितीही असोत, फलक देवनागरी लिपीत मराठीत हवा आणि मराठी अक्षरे इतर लिपीतील अक्षरांपेक्षा लहान असू नयेत, असे ठरले. या तरतुदीविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी व्यापाऱ्यांना पालनासाठी दोन महिन्यांची मुदत दिली.

गंमत अशी की हा सारा नियम दुकानाच्या दर्शनी भिंतीपुरता आहे. ज्या दर्शनी भागातून आज कित्येक गिऱ्हाइके प्रथम दुकानात शिरतात, त्या आंतरजालावरच्या पानाला तो लागू नाही. तेथे मराठी अक्षर का आले नाही, याचे कारण दुकानदाराच्या भाषाप्रेमाच्या अभावात शोधले जाते. माझ्या मते ते बऱ्याच अंशी तंत्रात आहे.

अक्षराचा अडसर

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाले. त्या आधीच डीटीपीने छापखान्यातले खिळे हटवायला सुरुवात केली होती. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट, मॉड्युलरची श्रीलिपी, शिवाय शिवाजी, किरण, कृतीदेव असे अनेक टंक वापरात होते. यांतल्या बहुतेकांची रचना अशी की संगणकाच्या लेखी ती अक्षरे रोमनच. फक्त त्यांचा चेहरा देवनागरी. एका टंकात 'क' ज्या कळीवर, दुसऱ्यात तेथे वेगळेच काही. छापील पत्रिकेला याने फरक पडत नसे, कारण कागदावर शेवटी चेहराच उमटतो. आंतरजालावर मात्र वाचणाऱ्याच्या यंत्रात तोच टंक नसेल तर पानभर अगम्य रोमन चिन्हे दिसत. मोठ्या मराठी वृत्तपत्रांनी आपापले टंक उतरवून घ्यायला लावून वाट काढली. लहान दुकानदाराच्या गिऱ्हाइकाने त्याच्यासाठी टंक उतरवून घ्यावा, ही अपेक्षा हास्यास्पद होती.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ सालापासून होती. परंतु ती सामान्य माणसाच्या पडद्यावर यायला दशक गेले. विंडोज २००० सोबत 'मंगल' हा टंक आला. तो रेखाटणारे र. कृ. जोशी हे मराठी अक्षरकलेतले थोर नाव. २००८ साली त्यांचे निधन झाले. मंगलमुळे मजकूर शोधता येऊ लागला, नक्कल करता येऊ लागला. तरीही एक्सपी असलेल्या यंत्रावर भारतीय लिपींची सोय वेगळी बसवावी लागे आणि त्यासाठी मूळ तबकडी मागितली जाई, जी तालुक्याच्या सायबर कॅफेत क्वचितच मिळे. शिवाय मंगलमधले 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे. मराठी डोळ्याला खटकणाऱ्या या वळणांविषयी बरीच चर्चा झाली आणि महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेची व अक्षरवळणांची प्रमाण रूपे निश्चित केली. मुंबईच्या एक टाइपसारख्या गटाने 'मुक्त', 'बलू' हे देखणे टंक मोफत उपलब्ध करून दिले, तेही पुढच्या दशकात.

या दहा-पंधरा वर्षांच्या फटीत आम्ही काय केले? संकेतस्थळाचा मजकूर इंग्रजीत लिहिला आणि दुकानाचे मराठी नाव कोरलड्रॉमध्ये सजवून त्याचे चित्र पानाच्या माथ्यावर लावले. पाहणाऱ्याला ते अक्षर वाटे. यंत्राच्या लेखी ती नुसती रंगांची चौकट होती. शोधयंत्राला ते नाव वाचता येत नसे. ही सवय इतकी मुरली की युनिकोड सुलभ झाल्यावरही कित्येक वर्षे सुटली नाही.

पत्त्याचीही तीच तऱ्हा. संकेतस्थळाचे नाव रोमनमध्येच घ्यावे लागे. रोमनमध्ये 'वणी', 'वाणी' आणि 'वनी' यांची वर्णरचना एकच होते, म्हणजे गाव, व्यापारी आणि जंगल यांत फरक उरत नाही. पांढरकवडा कसा लिहावा याची तीन-चार रूपे प्रचारात आहेत आणि गिऱ्हाईक नेमके न घेतलेले रूप टंकते. '.भारत' हा देवनागरी पत्ता २७ ऑगस्ट २०१४ रोजी उपलब्ध झाला, पण तोपर्यंत रोमन पत्ता सांगण्याची आणि ऐकण्याची सवय पक्की झाली होती.

भाड्याचे नाव

२००५ साली '.इन' या भारतीय नावांची नोंदणी खुली व स्वस्त झाली. त्यानंतर जिल्ह्याच्या गावीही एकट्याने हे काम करणारे तरुण दिसू लागले. मुक्त वर्डप्रेस, एक संगणक, ब्रॉडबँडची जोडणी आणि छायाचित्र काढण्यापुरता कॅमेरा, एवढे भांडवल पुरे. कामे येत ती मंगल कार्यालय, शिकवणी वर्ग, दवाखाना, सराफी पेढी, डाळ मिल, जिनिंग यांची. काम घेऊन येणारा बहुधा धाकटा मुलगा असे आणि निर्णय घेणारे वडील. संवाद ठरलेला : "भाऊ, नाव त साऱ्या गावाले माहीत हाय. पण पोट्टं म्हनते, नेटवर दिसत नाही." या एका वाक्यात व्यवसायाचा सारा पेच आहे. ज्या नावाला गावात पाटीचीही गरज नव्हती, ते नाव आता गावाबाहेरच्या एका यादीत असायला हवे होते.

बोधचिन्हाचा विचार निघाला की वडील दोन मागण्या करीत. गणपती किंवा कुलदैवत वर हवे आणि अक्षर जुन्या पाटीसारखे हवे. पहिली मागणी सोपी. दुसरीसाठी मी जुन्या पाटीचे छायाचित्र घेई आणि त्यावरून अक्षर गिरवी. बसवून दिलेला तयार टंक वडिलांना कधीच पसंत पडत नसे. मला त्या वेळी हा हट्ट वाटे. आज वाटते, नावाची ओळख अक्षराच्या वळणात साठलेली असते, हे त्यांना माझ्याआधी कळले होते.

त्यांना जे कळणे कठीण होते, आणि आम्ही जे नीट समजावून सांगितले नाही, ते वेगळेच. पाटी विकत मिळते. संकेतस्थळाचे नाव भाड्याने मिळते. कितीही पैसे मोजले तरी ते एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी नोंदवता येते, कायमचे नाही. ते ज्याच्या खात्यातून नोंदले गेले, तो व्यवस्थेच्या लेखी मालक. दुकानदाराला ईमेल वापरता येत नाही म्हणून सोयीसाठी डिझायनर स्वतःच्या नावे नोंदणी करी. हेतू वाईट नसे. पण पाटीवर सही करणाऱ्या पेंटरने पाटीच आपल्या नावावर लिहून घ्यावी, तसा हा प्रकार होता. पुढे डिझायनर नोकरी धरून पुण्याला गेला, दूरध्वनी बदलला, की दुकानदाराला आपल्याच नावाचे कुलूप उघडता येत नसे.

फुकट मिळालेल्या जागांचे तर विचारूच नका. जिओसिटीज २००९ साली बंद झाली, तिच्यासोबत हजारो हौशी पाने गेली. गूगलने २०१७ साली लहान व्यावसायिकांना त्यांच्या नोंदीवरून आपोआप बनणारी मोफत संकेतस्थळे दिली आणि मार्च २०२४ मध्ये ती बंद केली. पाटी फुकट देणाऱ्या कंपनीने एके दिवशी शिडी लावून ती काढून न्यावी, तसेच हे. मालकीच्या दृष्टीने पाहिले तर लहान दुकानदार पुन्हा मँचेस्टरच्या तिकिटाच्या काळात पोहोचला आहे. नाव त्याचे, पण ते ज्यावर चिकटवले आहे ती वस्तू दुसऱ्याची.

या म्हणण्यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. पाटी तरी कुठे अमर होती? दर दोन-चार दिवाळ्यांनी ती नव्याने रंगवली जाई, जुने अक्षर नव्या रंगाखाली जाई. उलट संकेतस्थळामुळे वणीच्या दुकानाला नागपूर-हैदराबादचे गिऱ्हाईक मिळाले, महिला बचत गटांच्या पापड-लोणच्यांना गावाबाहेर बाजार मिळाला, शहरात गेलेल्या मुलींनी माहेरच्या दुकानातून माल मागवला. हे खरे आहे आणि लहान नाही. माझा मुद्दा नव्या साधनाविरुद्ध नसून त्याच्या नोंदीविषयी आहे. पाटी बदलली तरी जुनी पाटी मागच्या खोलीत, गोठ्याच्या आडोशाला, छपराच्या भोकावर उरत असे. भाडे थकलेले संकेतस्थळ मागच्या खोलीत उरत नाही.

याची किंमत मला स्वतःला मोजावी लागली, म्हणून हा लेख. २००४ साली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातल्या जुन्या दुकानाचे संकेतस्थळ मी केले. नोंदणी माझ्या खात्यातून. माथ्यावर त्या दुकानाच्या हाताने रंगवलेल्या पाटीवरून गिरवलेले नाव, चित्ररूपात. काही वर्षांनी नूतनीकरणाची सूचना मला आली, ती इतर टपालात बुडाली आणि नाव गेले. दुकानदाराने तक्रार केली नाही. त्यांचा व्यवहार गावातच होता. पुढे दुकानासमोरचा रस्ता रुंद झाला, पाटी उतरली, भंगारात गेली, जागी फ्लेक्स आला. अलीकडे त्यांच्या नातवाने विचारले की आजोबांच्या पाटीचे अक्षर पुन्हा मिळेल का, नव्या दुकानासाठी तेच हवे आहे. माझी जुनी डिस्क केव्हाच निकामी झाली होती. आंतरजालावरच्या जुन्या पानांचा संग्रह करणाऱ्या इंटरनेट अर्काइव्हमध्ये शोधले. पान सापडले! इंग्रजी मजकूर होता, पत्ता होता, दुकान उघडण्याच्या वेळा होत्या, तळाशी बारीक अक्षरांत माझे नावही होते. माथ्यावर मात्र एक रिकामी चौकट होती. संग्रहाने मजकूर जपला होता, चित्र नाही. चित्राच्या जागी लिहायचा पर्यायी मजकूर मी भरलाच नव्हता. पेंटरची सही उरली आणि पाटी गेली, असा तो उलटा न्याय.

त्यानंतर मी चार गोष्टी पाळतो. नोंदणी दुकानदाराच्या नावे व त्याच्याच दूरध्वनीवर. मराठी नाव चित्रात नव्हे, अक्षरांत. मूळ आरेखनाची प्रत मालकाच्या हाती. आणि जुन्या पाटीचे छायाचित्र, सहीच्या कोपऱ्यासह, कागदावर छापून. शेवटची गोष्ट गिऱ्हाइकांना जुनाट वाटते. पण वर सांगितलेल्या इतिहासात जे जे आपल्यापर्यंत पोहोचले ते कागद, पत्रा आणि कापड यांवरून पोहोचले, हे विसरता येत नाही.

कापसाच्या बाबतीत चक्र पुरे होताना दिसते. ७ ऑक्टोबर २०२० रोजी, जागतिक कापूस दिनी, केंद्र सरकारने भारतीय कापसासाठी 'कस्तुरी' हे नाममुद्रित चिन्ह जाहीर केले. त्यात गाठीगाठीला क्यूआर संकेत लावून तिचा माग काढण्याची योजना आहे. १९२५ च्या कायद्यातल्या प्रेसच्या खुणेची ही डिजिटल वारसदार. 'ऊमरा' गेले, 'कस्तुरी' आले. त्या चौकटीत आता राळेगावच्या किंवा घाटंजीच्या शेतकऱ्याचे नाव मावण्याइतकी जागा तांत्रिकदृष्ट्या आहे. ते तेथे लिहिले जाईल की पुन्हा पहिल्याच मुक्कामावर गळून पडेल, हे ठरवणारा माणूस गाठीपाशी नसतो. ही व्यवस्था रचणाऱ्याच्या मेजापाशी असतो. पेंटर आणि जुळारी यांच्या वारसाने, म्हणजे आम्ही, निदान आपल्या मेजावरच्या कामापुरता तरी हा प्रश्न आधी विचारायला हवा.

त्या नातवाला मी जुन्या बिलबुकाची चौकशी करायला सांगितले आहे. छापील नावाचा ठसा पाटीवरून केला असेल, तर अक्षर अजून मिळू शकेल.